गुरूविण शिकलेला डाव

१९९९ साली इंटरनेटवरच्या ‘झोन डॉट कॉम’ या खेळांच्या अड्ड्यावर एक नवी खेळाडू दाखल झाली. तिने नाव घेतले होते ‘ब्लाँडी-२४’. वय चोवीस, केस सोनेरी, शिक्षण गणिताचे आणि छंद समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होण्याचा, अशी तिची ओळख. या अड्ड्यावर देशोदेशीचे हौशी लोक घरबसल्या चेकर्स खेळायला येत. डाव चालू असतानाच समोरच्याशी टाइप करून गप्पा मारण्याची सोयही तिथे होती. समोर चोवीस वर्षांची सोनेरी केसांची मुलगी आहे म्हटल्यावर गप्पांना ऊत आला, हे सांगायला नकोच. पण गप्पा चालू असताना ती सोंगट्याही मारत असे. १६५ डाव खेळून झाले तेव्हा तिथल्या नोंदणी केलेल्या खेळाडूंपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक जण गुणांकनात तिच्या मागे पडले होते.

गंमत अशी, की ब्लाँडी नावाची कोणी तरुणी अस्तित्वातच नव्हती. कॅलिफोर्नियातील डेव्हिड फोगेल आणि कुमार चेल्लापिल्ला या दोन संशोधकांनी तयार केलेला तो संगणकाचा प्रोग्रॅम होता. प्रोग्रॅम चाल सांगे आणि हे दोघे ती पडद्यावर करीत. ते नाव आणि ती ओळख हा सगळा त्यांचाच खोडसाळपणा. आपण कोणाशी खेळतो आहोत याची समोरच्यांना कल्पना नव्हती. या लपवाछपवीवर कोणी आक्षेप घेतला तर तो रास्तच म्हणावा लागेल.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. संगणकाने माणसाला हरवणे ही तोवर नवी बातमी राहिली नव्हती. १९९७ साली आय.बी.एम.च्या ‘डीप ब्लू’ने बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला हरवले होते. ब्लाँडीचे वेगळेपण असे, की चेकर्समध्ये चांगली चाल कोणती आणि वाईट कोणती, हे तिला कोणीही शिकवलेले नव्हते. ती ते आपले आपण शिकली होती. कशी शिकली, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण आज आपल्या घरादारांत शिरलेल्या ‘शिकणाऱ्या’ यंत्रांचे एक मर्म या जुन्या डावात दडलेले आहे.

आधी खेळाची ओळख करून घेऊ. चेकर्सचा पट बुद्धिबळाचाच, चौसष्ट घरांचा. खेळ मात्र फक्त बत्तीस काळ्या घरांवर चालतो. प्रत्येकाच्या बारा सोंगट्या. सोंगटीने तिरके, एक घर पुढे जायचे. समोरच्याची सोंगटी आडवी आली आणि तिच्यामागचे घर रिकामे असले, तर तिच्यावरून उडी मारून ती पटाबाहेर काढायची. आपल्याकडच्या वाघ-बकरीच्या खेळात वाघ बकरीवरून उडी मारतो, तशीच ही उडी. मात्र इथे ती मारता येत असेल तर मारावीच लागते. सोंगटी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचली की तिचा ‘राजा’ होतो आणि त्याला मागेही येता येते. नियम पाच मिनिटांत समजतात. पण पटावर होऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या स्थिती मोजायला गेलो तर पाचावर वीस शून्ये द्यावी लागतात.

संगणकाला हा खेळ शिकवण्याचा गाजलेला पहिला प्रयत्न आय.बी.एम.मधल्या आर्थर सॅम्युएल यांचा. १९५० च्या दशकात, आख्खी खोली व्यापणाऱ्या यंत्रांच्या जमान्यात, त्यांनी स्वतःशीच खेळून सुधारणारा चेकर्सचा प्रोग्रॅम लिहिला. १९५९ सालच्या त्यांच्या निबंधामुळे ‘मशीन लर्निंग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. तरीही सॅम्युएल यांच्या प्रोग्रॅमला माणसाची शिदोरी होतीच. पटाकडे पाहताना काय काय बघायचे, म्हणजे किती सोंगट्या कुणाच्या, मधल्या घरांवर ताबा कोणाचा, चाली करायला मोकळीक कोणाला जास्त, याची यादी त्यांनी स्वतः करून दिली होती. त्यातल्या कशाला किती महत्त्व द्यायचे, एवढेच यंत्राने ठरवायचे.

त्यानंतरचा मोठा टप्पा कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘चिनूक’चा. जोनाथन शेफर यांच्या गटाने तयार केलेल्या या प्रोग्रॅमची गाठ मॅरियन टिन्स्ली या गणिताच्या प्राध्यापकाशी पडली. टिन्स्ली म्हणजे चेकर्सच्या इतिहासातले आश्चर्य. दशकानुदशके खेळून त्यांनी हरलेले डाव बोटांवर मोजता यावेत इतके थोडे. १९९२ साली लंडनच्या सामन्यात त्यांनी चिनूकला हरवले. १९९४ साली बोस्टनला पुन्हा गाठ पडली. सहा डाव बरोबरीत सुटले आणि टिन्स्लींनी प्रकृतीच्या कारणाने माघार घेतली. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. चिनूक जगज्जेता ठरला. पण त्याच्या पोटात माणसांनी लिहून ठेवलेल्या सुरुवातीच्या चालींचे भांडार होते आणि थोड्या सोंगट्या उरल्यावर काय होते, याची कोट्यवधी स्थितींची तयार उत्तरेही होती. चिनूक हा पाठांतर केलेला, घोटून घेतलेला विद्यार्थी होता.

मग न शिकवता यंत्र शिकेल का? या प्रश्नातली अडचण फार पूर्वीच ओळखली गेली होती. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९६१ सालच्या एका निबंधात अ‍ॅलन न्यूएल यांची शंका नोंदवली आहे. ती साध्या शब्दांत अशी : संपूर्ण डाव झाल्यावर यंत्राला फक्त ‘जिंकलास’, ‘हरलास’ किंवा ‘बरोबरी’ एवढेच सांगितले, तर त्या एका शब्दात शिकण्याइतकी माहिती असते तरी का? डावात तीस-चाळीस चाली होतात. त्यातली कोणती मोलाची होती आणि कोणती घातक, हे शेवटच्या एका शब्दावरून कसे कळावे? एखाद्या शाळेने वर्षाखेरीस मुलाला फक्त एकूण गुण सांगावेत, उत्तरपत्रिका दाखवू नये, विषयवार गुण देऊ नयेत, चूक कुठे झाली हे कधीही सांगू नये आणि वर ‘पुढच्या वर्षी सुधारणा कर’ म्हणावे, तसाच हा प्रकार.

फोगेल आणि चेल्लापिल्ला यांनी नेमकी हीच शाळा काढायचे ठरवले. शिकवण्याचे काम त्यांनी सोपवले उत्क्रांतीवर.

उत्क्रांतीचे तत्त्व डार्विनने १८५९ साली जगापुढे मांडले, पण त्यातला अर्धा भाग आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खळ्यावर मळणीच्या आधी तो टपोऱ्या दाण्यांची कणसे निवडून बियाण्यासाठी बाजूला ठेवतो. पुढच्या वर्षी त्यांतून उगवलेली रोपे सगळी सारखी नसतात; काही थोडी सरस, काही थोडी हिणकस. त्यांतून पुन्हा निवड. दाणा आतून कसा घडतो हे शेतकऱ्याला माहीत असण्याची गरज नसते. थोडा थोडा फरक पडत राहिला, निवड चालू राहिली आणि पुरेसा काळ मिळाला, की काम होते. १९६० च्या दशकात काही संशोधकांच्या मनात आले, की हेच संगणकात करून पाहावे. बर्लिनमध्ये इंगो रेशेनबर्ग, मिशिगनमध्ये जॉन हॉलंड आणि कॅलिफोर्नियात लॉरेन्स फोगेल यांनी आपापल्या वाटांनी या शास्त्राचा पाया घातला. लॉरेन्स फोगेल हे आपल्या गोष्टीतल्या डेव्हिड फोगेल यांचे वडील. म्हणजे ही विद्या त्या घरात दुसऱ्या पिढीत पोचलेली होती.

आता प्रयोगाकडे वळू. संगणकाच्या आत पंधरा खेळाडू तयार केले गेले. अशा, परिस्थिती पाहून स्वतःची चाल स्वतः ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला संगणकशास्त्रात ‘एजंट’ म्हणतात. विम्याच्या एजंटाशी त्याचा काही संबंध नाही! प्रत्येक खेळाडूचा ‘मेंदू’ म्हणजे मज्जापेशींच्या जाळ्याची गणिती नक्कल. पटावरची स्थिती या जाळ्यात घातली की दुसऱ्या टोकाला एक आकडा बाहेर पडतो : स्थिती आपल्याला अनुकूल असेल तर मोठा, प्रतिकूल असेल तर लहान. खेळाडू चार चाली पुढचा विचार करतो (आपली एक, समोरच्याची एक, अशा क्रमाने) आणि ज्या वाटेने आकडा चांगला येईल ती वाट धरतो. हा आकडा कसा निघावा, हे जाळ्यातल्या ५,०४६ संख्यांवर अवलंबून असे. सुरुवातीला या संख्या अक्षरशः चिठ्ठ्या टाकाव्यात तशा, कोणत्याही हिशेबाशिवाय भरलेल्या होत्या. म्हणजे पहिल्या पिढीतले खेळाडू नियम पाळत होते, पण चांगल्या-वाईटाची त्यांची समज निव्वळ योगायोगाची होती.

मग प्रत्येक खेळाडूची एक नक्कल काढली गेली. नक्कल करताना त्या संख्यांत थोडे थोडे फेरफार केले, तेही दिशाहीन. पंधरांचे तीस झाले. प्रत्येकाने त्या तिसांतूनच चिठ्ठी टाकून निवडलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी पाच डाव मांडायचे. जिंकल्यास एक गुण, बरोबरी झाल्यास शून्य, हरल्यास दोन गुण वजा. शेवटी बेरीज करायची. वरचे पंधरा राहिले, खालचे पंधरा बाद. उरलेल्या पंधरांच्या पुन्हा नकला, पुन्हा सामने, पुन्हा छाटणी. कोणत्या चालीने डाव जिंकला हे तर सोडाच, आपण पाचांपैकी कोणता डाव जिंकला आणि कोणता हरला, हेही खेळाडूला कधी कळवले गेले नाही. फक्त एकूण बेरीज. शेजारच्या घरातही एव्हाना येऊन पोचलेल्या पेंटियम-२ जातीच्या एका साध्या संगणकावर हे सत्र सुमारे सहा महिने चालू राहिले. एका पिढीत दीडशे डाव, आणि अशा ८४० पिढ्या. म्हणजे सव्वा लाखाहून अधिक डाव. ८४० व्या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणजेच आपली ब्लाँडी.

न्यूएल यांच्या शंकेला उत्तर मिळाले होते. नुसत्या बेरजेतही शिकण्याइतकी माहिती असते. अट एवढीच, की शिकणारा एकटा नको, त्याच्या पिढ्या हव्यात. ज्याच्या मेंदूत योगायोगाने एखादी उपयोगी समज आली तो टिकतो आणि ती समज पुढे जाते. श्रेय कोणत्या चालीचे, हा हिशेब कोणीही करत नाही. तो छाटणीतून आपोआप होतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्लाँडीची पाटी अगदी कोरी नव्हती. खेळाचे नियम माणसांनी दिले होते. पुढच्या चालींचा विचार करण्याची रीतही दिलेली होती. कोणाच्या किती सोंगट्या जास्त आहेत, हा फरक जाळ्याला थेट कळवला जात असे. आणि पट लहान-मोठ्या चौकोनांच्या तुकड्यांत पाहण्याची सोय जाळ्याच्या रचनेतच केली होती. तरीही नुसत्या सोंगट्या मोजून खेळणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा ती सरस ठरली. म्हणजे मोजणीपलीकडचे काहीतरी तिने कमावले होते. काय कमावले होते? ते त्या ५,०४६ संख्यांत आहे. पण त्या वाचून कोणालाही ते शब्दांत सांगता येत नाही. सॅम्युएल यांच्या यादीला निदान नावे होती. इथे विद्या आहे, पण तिला नाव नाही. आजच्या प्रचंड यंत्रांबाबत ‘ती असे का वागली हे सांगता येत नाही’ म्हणून जी तक्रार होते, तिची ही छोटी आवृत्ती.

‘आपले आपण शिकले’ या शब्दांनी मात्र आपण फसता कामा नये. या सगळ्या खटाटोपात माणसाने एक जागा स्वतःकडे राखून ठेवली होती, आणि सगळे तिच्यावरच अवलंबून होते. विजयाला एक गुण आणि पराभवाला वजा दोन, हे कोणी ठरवले? उत्क्रांतीने नाही, फोगेल आणि चेल्लापिल्ला यांनी. हरण्याची शिक्षा जिंकण्याच्या बक्षिसाच्या दुप्पट ठेवली, की धाडस करून हरण्यापेक्षा बरोबरी बरी मानणारे खेळाडू टिकणे साहजिक आहे. उलटे केले असते तर कदाचित वेगळ्याच स्वभावाची ब्लाँडी निपजली असती. शेतकऱ्याने टपोरा दाणा निवडला तर टपोरे पीक येईल. चव येईलच असे नाही, कारण चव त्याने निवडलीच नव्हती.

निवडीचा निकष थोडा जरी ढिला राहिला तर काय होते, याचे किस्से या शास्त्रात भरपूर आहेत. १९९४ साली कार्ल सिम्स यांनी संगणकात ठोकळ्यांचे आभासी प्राणी उत्क्रांत केले. जो वेगाने पुढे सरकेल तो टिकेल, असा निकष ठेवला. अपेक्षा अशी, की ते चालायला, रांगायला शिकतील. काही प्राण्यांनी भलताच मार्ग शोधला : ते ताडमाड उंच झाले आणि नुसते आडवे पडले! पडतानाही वेग मिळतोच की. पुढे पडता येऊ नये अशी तजवीज करावी लागली.

दुसरा किस्सा तर खास खेळातलाच. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात रिस्तो मायिकुलायनन यांच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅम्सची स्पर्धा होती. खेळ फुल्ली-गोळ्याचा, पण ओळीत पाच जुळवायच्या आणि पटाला कडाच नाहीत, हवे तेवढ्या लांबच्या घरात खूण करता येते. एका विद्यार्थ्याचा उत्क्रांतीने घडवलेला प्रोग्रॅम सारखा जिंकू लागला. तपासले तेव्हा कळले, की तो मधूनच अतिशय दूरच्या, कल्पनाही करवणार नाही अशा घरात खूण करत असे. समोरचा प्रोग्रॅम तेवढा मोठा पट स्वतःच्या स्मरणात मांडू पाही, त्याची स्मरणशक्ती संपे आणि तो कोसळे. प्रतिस्पर्धी बेशुद्ध, सामना याच्या खिशात! खेळ कसा खेळायचा हे तो फारसे शिकलाच नव्हता. सामना कसा जिंकायचा एवढे शिकला होता. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? मागितले होते तेच त्याने दिले.

हीच पद्धत निकष नेमका असला तर मोठे काम करून दाखवते. २००६ साली ‘नासा’ने सोडलेल्या ‘एस.टी.-५’ या छोट्या उपग्रहांवर बसवलेली अँटेना अशाच संगणकी उत्क्रांतीतून घडली होती. वेडीवाकडी वाकवलेली तार वाटावी असा तिचा आकार. कोणा अभियंत्याने कागदावर काढला नसता. पण अँटेनेने नेमके काय करायचे ते काटेकोर मोजता येत होते, म्हणून ते जमले. खेळांतही पुढची मजल मारली गेली. २००७ साली शेफर यांच्या गटाने सिद्ध केले, की दोन्ही बाजू निर्दोष खेळल्या तर चेकर्सचा डाव बरोबरीतच सुटतो. २०१६ साली ‘अल्फागो’ने ‘गो’ या पौर्वात्य खेळात कोरियाच्या ली सेडॉलला ४-१ असे हरवले. आणि २०१७ साली माणसांचे डाव न पाहता, केवळ स्वतःशी खेळून शिकलेल्या ‘अल्फागो झीरो’ने त्या अल्फागोला शंभर डावांत शंभर वेळा हरवले. तिथली शिकण्याची रीत ब्लाँडीपेक्षा वेगळी आहे, पण शिदोरी तीच : नियम, प्रतिस्पर्धी आणि शेवटचा निकाल.

पटावरच्या खेळात निकाल स्वच्छ असतो. जिंकणे म्हणजे काय यावर दोघांचे दुमत नसते. आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींचे तसे नाही, आणि खरी चिंता तिथे आहे. आपल्या हातातल्या फोनवर पुढे कोणती चित्रफीत दाखवायची हे ठरवणाऱ्या यंत्रणाही निकालावरूनच शिकतात. माणूस किती वेळ पडद्याला चिकटून राहिला, हा जर त्यांच्या लेखी विजय असेल, तर ज्याने माणूस चिकटेल ते त्या शोधून काढतील. मग ते भांडण असो, भीती असो की निंदानालस्ती. त्यांच्या मनात काळेबेरे काही नाही. टेक्सासच्या त्या फुल्ली-गोळ्याच्या खेळाडूच्या मनात तरी कुठे होते?

यंत्रे बाजूला ठेवली तरी हा प्रश्न घरातलाच आहे. मुलाने वर्षभर काय वाचले, त्याला काय उमगले, कुठे अडले, हे कोणी विचारत नाही. शेवटी एक टक्केवारी तेवढी विचारली जाते. त्या एका आकड्यावर पिढ्यांमागून पिढ्या निवडल्या जातात, आणि मग मुले तो आकडा मिळवण्याच्या वाटा शोधतात. अपेक्षित प्रश्नसंच, तयार उत्तरे, घोकंपट्टी. यात मुलांची चूक काढणे सोपे आहे. पण गुण कशाला द्यायचे ते मुलांनी ठरवलेले नसते.

म्हणून यापुढे ‘हे यंत्र आपले आपण शिकले’ असे कोणी कौतुकाने सांगू लागले, की आपण एक साधा प्रश्न विचारावा : त्याला गुण कोण देत होते, आणि कशाचे? ब्लाँडीच्या बाबतीत याचे उत्तर एका ओळीत देता येते आणि कोणालाही तपासता येते. ज्या यंत्रांच्या हाती आपण मुलांची संध्याकाळ, नोकरीसाठी आलेले अर्ज किंवा कर्जाची प्रकरणे सोपवू लागलो आहोत, त्यांच्याबाबतही तेवढेच सरळ उत्तर मागण्याचा आपल्याला हक्क आहे. ते मिळेपर्यंत त्यांच्या हुशारीवर भाळून जाण्याची घाई नको.